सखारामबापूंची सही

पुरंदर मुक्कामी १ मार्च १७७६ रोजी मराठे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने बोलणी केली कर्नल जॉन अप्टनने. पेशव्यांच्या बाजूने होते दोघे कारभारी: सखाराम भगवंत बोकील आणि बाळाजी जनार्दन भानू. पहिल्यांना सारी दुनिया सखारामबापू म्हणून ओळखे, दुसऱ्यांना नाना फडणीस म्हणून. ज्यांच्या नावाने हा तह झाला, ते पेशवे त्या दिवशी दोन वर्षांचेही नव्हते.

या तहाने साष्टी इंग्रजांच्या ताब्यात राहिली. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून वसईच्या खाडीपर्यंतचे बेट. आज भाईंदर पूर्वेला इंद्रलोकात राहणारा माणूस या बेटाच्या उत्तर टोकाला राहतो. नवघर, मिठागरे, पुढे खाडी, खाडीच्या मधोमध पाणजू आणि पलीकडे नायगाव-वसई. इथल्या मराठी माणसाला चिमाजीअप्पा चांगले ठाऊक असतात. धारावीचा किल्ला, घोडबंदर, वसईचा वेढा ही नावे त्याच्या बोलण्यात येतात. पण १७३७ ते १७३९ या दोन वर्षांत चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून एवढे रक्त सांडून घेतलेली साष्टी पस्तीस-छत्तीस वर्षांत गेली कशी, हे विचारले की उत्तर बहुधा ‘इंग्रजांनी घेतली’ इतकेच मिळते. इंग्रजांनी घेतली हे खरे. पण ती घेण्याची संधी त्यांना पेशव्यांच्या घरातल्या वारसाच्या भांडणाने दिली. त्या भांडणाच्या मधोमध जो सरदार-मुत्सद्दी सापडला, तो म्हणजे सखारामबापू. त्यांची गोष्ट नीट उलगडली, तर अठराव्या शतकात गादीचा वाद प्रत्यक्षात कसा चाले, आणि अशा वादात मोठा माणूस कुठे अडकतो, हे बरेच कळते.

आधी गादीचे समजून घेऊ. पेशवेपद ही मुळात चाकरी. १७१३ मध्ये शाहू छत्रपतींनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली; १७२० मध्ये ती बाजीरावांकडे आली, १७४० मध्ये नानासाहेबांकडे, पानिपतानंतर १७६१ मध्ये माधवरावांकडे. बापाकडून मुलाकडे पद जात राहिले म्हणून ते वंशपरंपरागत झाले, पण तसा लेखी कायदा कुठेच नव्हता. प्रत्येक नव्या पेशव्याला साताऱ्याहून छत्रपतींची वस्त्रे यावी लागत. वस्त्रे आली की शिक्का चाले, शिक्का चालला की सनदा निघत. छत्रपतींच्या हाती सत्ता उरली नव्हती, तरी वस्त्रांवाचून पेशवा हा पेशवा नव्हता. साताऱ्याला त्या वेळी रामराजा होते. त्यांचीच कुळकथा वादाची. ताराबाईंनी त्यांना आपला नातू म्हणून पुढे आणले आणि पुढे बिनसल्यावर तोतया म्हटले. ज्याच्या स्वतःच्या वारशाबद्दल कुजबुज, त्याच्याकडून दुसऱ्याच्या वारशावर मोहोर घ्यायची, असा तो प्रकार. पण चालत होता.

वस्त्रे हा एक भाग झाला. दुसरा भाग सरदारांचा. शिंदे, होळकर, पटवर्धन, भोसले, फडके यांच्या फौजा सरंजामावर चालत. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला मुलूख, तो चाकरीपुरता. वतन पिढीजात, सरंजाम मालकाच्या मर्जीवर. म्हणून गादीवर माणूस बदलला की प्रत्येक सरदाराच्या पोटात गोळा येई: आपली सनद नवा मालक पुन्हा करून देईल का? गादीच्या वादात सरदार पटकन बाजू का बदलतात, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा सरंजामाच्या या रचनेत शोधावे. तिसरा भाग दप्तराचा. हिशेब फडणिसाकडे, कारभार कारभाऱ्याकडे. सावकार कर्ज देताना पेशव्याचे नाव पाही, पण खात्री करून घेई ती कारभाऱ्याच्या शब्दाची.

हे आजच्या भाषेत सांगायचे तर सोसायटीचे उदाहरण पुरते. दोन कमिट्या आपणच खऱ्या म्हणून भांडत असल्या तरी बँक विचारते एकच, चेकवर सही करण्याचा अधिकार कोणाचा? ज्या जुन्या सेक्रेटरीची सही बँकेत नोंदलेली, त्याच्या घरी दोन्ही गट चहाला जातात. सखारामबापू हे पेशवाईचे असे सेक्रेटरी होते, आणि त्यांना ते पुरेपूर माहीत होते.

जगात इतरत्रही हेच झाले आहे. चौदाव्या शतकात इटलीतल्या नेपल्सच्या गादीवर राणी जोआना होती. तिचे एकही मूल हयात नव्हते. तिने फ्रान्सच्या राजघराण्यातल्या आंजूच्या लुईला दत्तक घेतले, तर नात्यातल्या दुराझोच्या चार्ल्सने १३८१ मध्ये नेपल्स घेऊन तिला कैद केले आणि पुढच्या वर्षी ती मारली गेली. तिथे राजाला मान्यता पोपची लागे, आणि नेमके त्याच काळात पोप दोन झाले होते. रोमच्या पोपने चार्ल्सला मुकुट दिला, आव्हिन्योंच्या पोपने लुईला पाठिंबा दिला. मग सान्सेव्हेरिनोंसारखी बडी घराणी एका बाजूला, दुसरी दुसऱ्या बाजूला, आणि हे दशकानुदशके चालले. पुण्याच्या सरदारांचे निदान एवढे बरे होते की सातारा एकच होता. त्यामुळे भांडण वस्त्रे देणाऱ्याबद्दल नव्हते. वस्त्रे कोण आधी आणतो आणि ती टिकवायला कोणाचे कारभारी जवळ राहतात, याचे होते.

आता बापूंकडे वळू. बोकील हे सासवडजवळच्या हिवऱ्याचे कुलकर्णी. पुरंदरे घराण्याच्या आश्रयाने बापू पेशव्यांच्या कारभारात शिरले आणि नानासाहेबांच्या काळात वर आले. रघुनाथरावांच्या, म्हणजे राघोबादादांच्या, उत्तरेकडच्या स्वाऱ्यांत ते त्यांचे कारभारी म्हणून होते. दादा तलवारीचे, तापट आणि हलक्या कानाचे. बापू सावकाश बोलणारे आणि मनातले ओठावर न येऊ देणारे. पुढच्या पिढ्यांनी ‘साडेतीन शहाणे’ म्हणून जी यादी केली, तिच्यात पहिले पूर्ण शहाणे सखारामबापू, दुसरे नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत, तिसरा निजामाचा विठ्ठल सुंदर. नानांना अर्धे धरले, कारण ते शहाणे होते पण शिपाई नव्हते, असे सांगतात. मला ही यादी निकालाच्या दृष्टीने उलटी वाटते. तिघा पूर्णांपैकी विठ्ठल सुंदर राक्षसभुवनच्या लढाईत पडला, बापू कैदेत मेले. अर्धे शहाणे नाना मात्र पंचवीस वर्षे टिकले.

वारसाच्या भांडणाची पहिली फेरी १७६१ मध्येच सुरू झाली. नानासाहेब गेले तेव्हा माधवराव सोळा वर्षांचे. काका रघुनाथराव स्वतःला वडीलधारे समजत; पुतण्या स्वतःला पेशवा. नोव्हेंबर १७६२ मध्ये काकाने निजामाची मदत घेऊन पुतण्याशी लढाई केली आणि आळेगावला माधवराव स्वतः काकाच्या छावणीत जाऊन स्वाधीन झाले. घर फुटून राज्य बुडू नये म्हणून त्यांनी हे केले असे सगळेच मानतात, आणि ते खरे असावे. यानंतर काही महिने कारभार दादांचा, म्हणजे व्यवहारात बापूंचा. दादांनी गोपाळराव पटवर्धनांचे मिरज घेतले. पटवर्धन चिडून निजामाकडे गेले. १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला, त्यात तरुण माधवरावांचे तेज सर्वांना दिसले, आणि कारभार हळूहळू काकांच्या हातून सुटला. बापू मागे सरकले, पण बाहेर गेले नाहीत. हारलेल्या बाजूचा कारभारी जिंकलेल्या बाजूच्या दरबारात तसाच बसून राहिला. माधवरावांनाही त्यांची गरज होती, कारण काकांच्या मनात काय आहे हे बापूंइतके कोणाला कळत नव्हते.

१७६८ मध्ये धोडपला माधवरावांनी काकांना पुन्हा हरवून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव क्षयाने गेले. त्यांना मूल नव्हते. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले, वय सतरा. सखारामबापू कारभारी, नाना फडणीस. काका त्याच वाड्यात, कधी सैल नजरेत तर कधी कडक.

३० ऑगस्ट १७७३. दुपारच्या वेळी शनिवारवाड्यात गारदी घुसले. पगार थकल्याची ओरड करत ते आत आले. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ ही त्यांच्या म्होरक्यांची नावे; दादांचा सेवक तुळाजी पवार त्यांच्यासोबत. नारायणराव पळत काकांकडे गेले, त्यांना मिठी मारली, आणि काकांच्या समोर कापले गेले. दादांच्या पत्नी आनंदीबाईंनी गारद्यांना दिलेल्या कागदातल्या एका अक्षरात फेरफार केला ही कथा घरोघर सांगतात. ती घडलेली असो वा नसो, बेत मुळात धरण्याचा होता आणि मारण्यावर गेला, एवढे बहुतेक अभ्यासक मानतात. या कटाची कुणकुण दरबारातल्या किती मोठ्या माणसांना होती, याबद्दल तेव्हाही बोलले जाई, आणि त्या बोलण्यात बापूंचे नाव असे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी दादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. बापूंनी पुणे सोडले नाही. शास्त्र्यांना न्यायाचे आसन सोडता आले, कारण त्यांच्यामागे सरंजामही नव्हता आणि फौजही नव्हती. बापूंच्या पाठी दोन्हींची गुंतवणूक होती. हे मी त्यांच्या बचावासाठी सांगत नाही. माणूस कुठे अडकला होता, ते दाखवतो आहे.

साताऱ्याहून वस्त्रे आली, राघोबादादा पेशवे झाले. कायद्याचा प्रश्न इथे मिटायला हवा होता. वाड्यात उरलेला वडील पुरुष तेच. पण नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या, आणि ही बातमी पसरली तसा सगळा हिशेब बदलला.

या टप्प्यावर बापूंनी जे केले, ते या साऱ्या गोष्टीतले सगळ्यात कसबी काम. दादा निजाम आणि हैदर यांच्यावर मोहीम काढून दक्षिणेला निघाले होते. सारे मुत्सद्दी बरोबर. वाटेत एकेकाला काही ना काही कारण सापडू लागले. कोणाची प्रकृती बिघडली, कोणाला घरचे निकडीचे काम निघाले. एक-एक जण निरोप घेऊन पुण्याला परतला: नाना, बापू, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे, मोरोबा फडणीस. दादांनी फारशी हरकत घेतली नाही. त्यांच्याभोवती आता चिंतो विठ्ठलसारखी मर्जीतली माणसे होती, बाकीचे बाजूला गेले तर बरेच. पुण्यात परतलेल्या या मंडळींनी जानेवारी १७७४ मध्ये गंगाबाईंना शहरातून काढून पुरंदर किल्ल्यावर नेले आणि जाहीर केले की पेशवाई पोटातल्या मुलाची. आम्ही त्याच्या नावाने कारभार करतो. याच मंडळाला इतिहास ‘बारभाई’ म्हणतो. मुलगा झाला नाही तर काय, याची तयारी म्हणून गडावर आणखी गरोदर बायका ठेवल्याची वदंता विरोधकांनी उठवली होती. तिच्यात तथ्य किती हे सोडा. वदंता उठली यावरूनच कळते की सारा डाव एका जन्मावर लागला होता.

बापू बारभाईंत का गेले? सूडापेक्षा, नीतीपेक्षा मला साधे कारण दिसते. दादा गादीवर असताना बापू अनेकांपैकी एक कारभारी होते. गादीवर तान्हे मूल असले की कारभारीच राज्य करतो. शिवाय नवा धनी दुसऱ्यांचे ऐकत होता. पण बापूंनी दादांकडची वाट पूर्ण बुजवली नाही. त्यांचे आणि दादांचे जुने बोलणे कुठल्या ना कुठल्या वाटेने चालूच राहिले. त्या काळी हे काही फार विलक्षण नव्हते. एका घरातले दोन भाऊ दोन बाजूंना असत, म्हणजे कोणीही जिंकले तरी वतन शाबूत. फडणिसांच्याच घरात पुढे नाना एका बाजूला आणि चुलतभाऊ मोरोबा दुसऱ्या बाजूला गेले. बापूंनी हे दोन भाऊ एकट्यातच वागवले.

मार्च १७७४ मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला दादांनी बारभाईंच्या फौजेवर झडप घातली; त्रिंबकराव पेठे जखमी होऊन पकडले गेले आणि मरण पावले. तरी १८ एप्रिलला पुरंदरावर मुलगा झाला, सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी वस्त्रे आणवली गेली. ज्या साताऱ्याने काही महिन्यांपूर्वी दादांना वस्त्रे दिली होती, त्याच साताऱ्याने ती आता पुतण्याच्या मुलाला दिली. दादांचे पाठीराखे पातळ होत गेले. ते बऱ्हाणपूर-माळव्याकडून गुजरातेत उतरले, आणि तिथून त्यांनी मुंबईकर इंग्रजांकडे हात पुढे केला.

मुंबईचे बेट तेव्हा लहान आणि उपाशी होते. अन्नधान्य, लाकूड, जनावरांचा चारा, सगळे बाहेरून. समोर साष्टीची भातशेती आणि मिठागरे, उत्तरेला वसईचे बंदर, आणि दोन्ही पेशव्यांकडे. कंपनीच्या मुंबई कौन्सिलने साष्टी-वसईवर कित्येक वर्षे डोळा ठेवला होता. पुण्यात त्यांचा वकील टॉमस मॉस्टिन बसला होता आणि दरबारात कोण कोणावर रुसले आहे ते मुंबईला कळवत होता. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी. पोर्तुगीज आपली गेलेली ठाणी परत घ्यायला येणार अशी आवई उठली, त्याचे निमित्त झाले. दादांशी तह होण्याची वाटही न पाहता डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ल्यातल्या शिबंदीने पहिला हल्ला परतवला. इंग्रज आरमाराचा कमोडोर वॉटसन या वेढ्यात जखमी होऊन मेला. महिनाअखेर किल्ला पडला, आतल्या बहुतेकांची कत्तल झाली, आणि ठाण्यामागोमाग सारी साष्टी गेली. चिमाजीअप्पांच्या मोहिमेची सुरुवातही १७३७ मध्ये ठाणे घेऊनच झाली होती. ठाणे गेले की बेट जाते.

मग ६ मार्च १७७५ चा सुरतेचा तह. राघोबादादांनी साष्टी, वसई आणि आसपासची बेटे कंपनीला लिहून दिली. कंपनीने त्यांना अडीच हजार फौज द्यायची, खर्च महिना दीड लाख रुपये दादांनी सोसायचा, आणि तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवायचे. पेशवाईचे वारस म्हणवणारे दादा पेशवाईचा मुलूख गहाण टाकत होते. यात एक बारीक गोम होती. दादांनी लिहून दिले ते पेशवे म्हणून. ते पेशवे नसतील तर कागद रद्दी. म्हणून इंग्रजांना आता दादा पेशवे करणे भाग होते, आणि बारभाईंना तेवढ्याचसाठी ते होऊ न देणे. घरातले भांडण इथे परक्याच्या ताळेबंदात शिरले.

१८ मे १७७५ ला गुजरातेत अडासला हरिपंत फडके आणि कर्नल कीटिंग यांची लढाई झाली. निकाल लागायच्या आत कलकत्त्याहून मुंबईला चपराक आली: आमच्या परवानगीवाचून युद्ध कसे केले? वॉरन हेस्टिंग्जच्या कौन्सिलने सुरतेचा तह अमान्य करून अप्टनला पुरंदरला पाठवले. तिथे ठरले ते असे: इंग्रजांनी दादांची बाजू सोडायची, दादांनी पेन्शन घेऊन कोपरगावी राहायचे, युद्धखर्चाचे बारा लाख पुण्याने द्यायचे, आणि साष्टी इंग्रजांकडे. नाना-बापूंनी साष्टी सोडली हे आपल्याला आज टोचते. पण त्यांच्या जागेवरून पाहिले तर त्यांनी बेट देऊन बाळाची गादी विकत घेतली. कंपनीने सवाई माधवरावांच्या कारभाऱ्यांशी तह केला, म्हणजे सवाई माधवराव पेशवे हे मान्य केले. साताऱ्याच्या वस्त्रांइतकाच या कागदाचा उपयोग झाला.

अडचण पुढे उभी राहिली. तहाच्या मराठी बाजूला जी माणसे होती, त्यांतल्या वडील माणसाचे मत बदलले तर?

१७७६ साल आणखी एका वारसात गेले. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ मीच, असे म्हणणारा तोतया कोकणातून उठला, कित्येक गड त्याच्या हाती गेले. डिसेंबरात त्याला पकडून मारले. ते आटोपते तोच पुण्यातच दोन तट पडले. नाना आता खरे सूत्रधार झाले होते. वयाने आणि मानाने वडील असलेले बापू दुसऱ्या जागी गेले होते. मोरोबा फडणिसांना नानांचा हेवा, तुकोजी होळकरांना महादजी शिंद्यांचा. या नाराजांनी ठरवले की दादांना परत आणावे. मुंबईला निरोप गेले, आणि त्या निरोपांमागे बापूंचे नाव होते.

मुंबईला हेच हवे होते. पुरंदरचा तह मोडला असा ठपका येऊ नये, यासाठी त्यांनी युक्तिवाद काढला की तह करणारा कारभारीच आम्हाला बोलावतो आहे, तेव्हा आम्ही तह मोडला असे कसे होईल? हेस्टिंग्जनेही हा युक्तिवाद उचलून धरला. आता बापूंच्या होकाराची किंमत किती वाढली पाहा. मोरोबा होते, होळकर होते, फौज होती; तरी कंपनीच्या कागदात वजन बापूंच्या नावाला. आणि बापू, आयुष्यभर जसे वागले तसेच, नानांच्या शेजारी कारभारात बसलेलेच. १७७८ च्या वसंतात मोरोबांनी काही काळ पुणे हाती घेतले. जुलैत महादजींच्या बळावर नानांनी त्यांना पकडून अहमदनगरच्या किल्ल्यात टाकले. बापूंना हात लावला नाही. म्हातारा माणूस, तहातला सहीचा धनी. त्यांना आत टाकले तर तोच पुरावा झाला असता की पुण्याचा कारभार फुटला आहे.

मुंबईकरांनी तरीही फौज काढली. नोव्हेंबर १७७८ मध्ये पनवेलकडून बोरघाट चढून ती निघाली; राघोबादादा बरोबर, बैलांचा अवाढव्य तांडा बरोबर, आणि हुकूम द्यायला एक समिती. दिवसाला कोस-दोन कोस चाल. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. मराठ्यांनाही त्याच्या शौर्याचे कौतुक, म्हणून तो ‘इष्टुर फाकडा’. दादांनी आणि मुंबईकरांनी धरले होते की आपण घाट चढलो की सरदार येऊन मिळतील. एकही आला नाही. वाटेतली गावे ओस, चारा जाळलेला. तळेगावहून फौज मागे फिरली, वडगावला कोंडली गेली, आणि जानेवारीच्या मध्यास इंग्रजांनी शरणागतीचा करार केला. त्यात साष्टी परत देण्याचे कलम होते. थोडा काळ का होईना, कागदावर इंद्रलोकची जमीन पुन्हा पेशव्यांची झाली होती.

करारानुसार दादा महादजींच्या ताब्यात गेले, आणि त्यांच्याकडून महादजींच्या हाती बापूंचा कागद आला: दादांना बोलावणारा, बापूंच्या हातचा. आता नानांना शंका राहिली नाही. बापूंना पकडले, सिंहगडावर ठेवले, तिथून प्रतापगडावर, आणि शेवटी रायगडावर. १७८१ मध्ये ते तिथेच, कैदेत मेले. ज्या दादांसाठी त्यांनी वाट उघडी ठेवली, त्याच दादांनी त्यांचा कागद दुसऱ्याला दिला. दादांना बापूंचा राग होता का, की स्वतःच्या सुटकेसाठी ते देण्यासारखे काहीतरी शोधत होते? दुसरे जास्त संभवते. बापूंची चूक दोन्ही बाजू ठेवण्यात नव्हती. ते त्यांनी वीस वर्षे केले आणि त्याच बळावर टिकले. या वेळी मात्र त्यांनी ते लेखी केले, आणि तेही दादांपाशी.

वडगावचा करार मुंबईने झिडकारला, समितीला अधिकारच नव्हता म्हणून. बंगालहून कंपनीची फौज घेऊन गॉडर्ड आला, डिसेंबर १७८० मध्ये त्याने वसई घेतली. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई पेशव्यांना परत मिळाली, साष्टी मात्र कायमची कंपनीकडे गेली. राघोबादादांनी महिना पंचवीस हजारांची पेन्शन घेतली, कोपरगावी गेले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले.

त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षे वसईची खाडी ही दोन राज्यांची सरहद्द होती. भाईंदरच्या काठावर कंपनी सरकार, नायगावच्या काठावर पेशवे सरकार. आज लोकल जी खाडी काही मिनिटांत ओलांडते, तिच्या दोन काठांवरचा शेतसारा तेव्हा दोन वेगळ्या तिजोऱ्यांत जाई. शाळेत आपण ‘पेशवाई बुडाली १८१८ मध्ये’ असे शिकतो. साष्टीपुरती ती चव्वेचाळीस वर्षे आधी, ठाण्याचा किल्ला पडला त्या आठवड्यात बुडाली होती.

आणि वारसाचे काय झाले? सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्याच्या गच्चीवरून पडून गेले. वय एकवीस, मूल नाही. ज्या शाखेला गादीपासून दूर ठेवण्यासाठी बारभाई उभे राहिले, साष्टी गेली आणि बापू रायगडावर संपले, तिच्याशिवाय आता वारस उरला नव्हता. नानांनी वर्षभर नाना खटपटी केल्या. मधेच राघोबादादांचा धाकटा मुलगा चिमाजी दत्तक देऊन पेशवा करण्यात आला. डिसेंबर १७९६ मध्ये थोरला मुलगा, दुसरा बाजीराव, गादीवर बसला. सहा वर्षांनी होळकरांच्या फौजेपुढे पुणे सोडून तो वसईला आला, कंपनीचा मुलूख खाडीपलीकडे होता म्हणून, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तिथे त्याने कंपनीची तैनाती फौज पत्करल्याच्या तहावर सही केली.